कुंभार्ली घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून खरखर, पण गॅरेजवाले म्हणतात ब्रेकचे पॅड चांगले आहेत

कराडचा मास्तर:
मी शिक्षक आहे, कराडला राहतो. आई चिपळूणला असते, त्यामुळे दर शनिवारी पाटण, कोयनानगर, कुंभार्ली असा प्रवास ठरलेला. गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, ७८,००० किलोमीटर झालेली. पुढे डिस्क, मागे ड्रम.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी गाडी काढताना पहिल्या एक-दोन ब्रेकला करकर यायची आणि थांबायची. मागच्या शनिवारी मात्र घाट उतरायला लागलो आणि पोफळी येईपर्यंत प्रत्येक ब्रेकला लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर. पायाला पेडलमध्ये बारीक थरथरही जाणवली. चिपळूणला पोचल्यावर बघितलं तर डाव्या चाकाची झळ उजव्यापेक्षा बरीच जास्त होती, आणि त्या रिमवर काळी भुकटीही जास्त.

सोमवारी गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी रिमच्या फटीतून बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, पावसाचा गंज आहे, जाईल. ब्रेक ऑइल थोडं कमी होतं ते भरून दिलं. आवाज तसाच आहे. येत्या शनिवारी आईला घेऊन वर यायचंय. जाऊ का?

बहादूरशेख नाका:
आमच्याकडे पावसात हे नेहमीचं. रात्रभर गाडी उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज धरतो. दुसरी शक्यता खड्याची. डिस्कमागे पत्र्याचं कव्हर असतं, त्यात बारीक खडी अडकली की भयंकर आवाज येतो. माझ्या गाडीत अडकला होता तो मोकळ्या जागेत मागे-पुढे घेऊन दोन-तीनदा ब्रेक दाबल्यावर पडला. तुम्हीही करून बघा.

आगारातला फिटर:
सर, शनिवारी या गाडीने घाटात जाऊ नका. आधी चाक काढा.

एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, आता घरापुढे छोट्या गाड्या बघतो. गंजाचा आवाज पाच-सहा ब्रेकात पुसला जातो. खडा अडकला तर ब्रेक न दाबताही चाक फिरेल तसा वाजतो. तुमचा आवाज ब्रेक दाबल्यावर येतो, दिवसेंदिवस वाढतोय आणि एकच चाक तापतंय. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मी पॅडच्या आतल्या बाजूला बघतो.

दोन्ही पॅड धरून डिस्कवर दाबतो तो कॅलिपर. छोट्या गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन बहुतेक आतल्या बाजूलाच असतो. ब्रेक दाबला की तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. ब्रेक सोडल्यावर याच पिनांवर तो मोकळा व्हायला हवा. पिनेचा रबरी बूट फाटला, आत पाणी गेलं, ग्रीस धुपलं की पिन जाम होते. मग बाहेरचा पॅड जवळजवळ बसून राहतो आणि आतला सगळं काम करत झिजतो, ब्रेक सोडला तरी घासत राहतो. रिमच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा. तुमच्या गॅरेजवाल्यांना तोच दिसला.

ऑइलचंही सांगतो. पॅड झिजला की पिस्टन पुढे येतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरतं, म्हणून टाकीतली पातळी उतरते. कुठे गळती नसताना पातळी उतरली तर आधी पॅड बघायचे. नुसतं ऑइल भरलं की खूण पुसली जाते. आता नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबाल तेव्हा टाकी भरून वाहील. आधी थोडं काढून घ्या, ते रंगावर पडलं तर रंग उठतो.

चाक काढताना जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड लावा. कॅलिपर उतरवला तर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका.

कराडचा मास्तर:
काका, काल दुसऱ्या गॅरेजमध्ये माझ्यासमोर चाक काढलं. बाहेरचा पॅड ६ मिलिमीटर. आतल्या पॅडवर मसाला, म्हणजे घासणारा थर, शिल्लकच नव्हता, नुसती लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती. डिस्कवर नख अडकेल असे चरे पडलेत. खालची पिन पान्याने फिरवून काढावी लागली, बूट फाटलेला, आत लाल गंज.

डिस्क लेथवर मारून चालेल का?

आगारातला फिटर:
डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. चरे जाईपर्यंत घासून जाडी त्याच्या वर राहत असेल तरच लेथ, नाहीतर नवी. आणि डिस्क असो वा पॅड, दोन्ही बाजूंना एकदम बदला, नाहीतर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते. पिनांना साधं चाकाचं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस मागा.

नवे पॅड लगेच घाटात नेऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ५०च्या वेगावरून १५पर्यंत हळू दाबत उतरवा, पूर्ण थांबू नका, मध्ये डिस्क थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा.

कराडचा मास्तर:
जाडी मर्यादेखाली गेली होती, म्हणून दोन्ही डिस्क आणि चारही पॅड नवे घातले. ऑइल चार वर्षांपूर्वीचं होतं, तेही बदललं. सगळे मिळून ६,८०० रुपये. कराड–पाटण रस्त्यावर तुम्ही सांगितलं तसे ब्रेक दाबत नवे पॅड डिस्कवर बसवून घेतले. आज आईला आणायला गेलो. सेकंड गिअरमध्ये घाट उतरलो, आवाज नाही, पोफळीला दोन्ही चाकांची झळ सारखी होती.

आगारातला फिटर:
उजव्या चाकाच्या पिना काढून बघितल्या का? त्या तितक्याच जुन्या आहेत.

कराडचा मास्तर:
हो, मुद्दाम काढायला लावल्या. वरची जड फिरत होती, गंज नुकताच धरायला लागला होता. साफ करून ग्रीस लावलं, दोन्ही बूट नवे घातले.