स्टिअरिंग अधूनमधून जड होते: पूर्ण कॉलम बदलावा का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
माझी पेट्रोल हॅचबॅक नऊ वर्षांची आहे. गेल्या पंधरवड्यापासून गाडी वळवून गल्लीबाहेर काढताना स्टिअरिंग एकाएकी जड होते आणि ईपीएसचा (विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचा) पिवळा दिवा लागतो. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की सगळे पूर्ववत होते. रात्री हेडलाइट आणि एसी चालू असताना हा त्रास हमखास होतो. एका गॅरेजमध्ये स्टिअरिंगच्या इलेक्ट्रिक मोटारीसह कॉलम (स्टिअरिंगच्या चाकामागचा दांडा) बदलण्यास सांगितले आहे. ऑइल कमी झाल्यामुळे असे होत असेल का?

उत्तर (गॅरेजचालक, शिवाजी उद्यमनगर)
आपल्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये ऑइल नसतेच. आपण स्टिअरिंगचे चाक फिरवता तेव्हा कॉलममधल्या टॉर्शन बारला (पीळ घेणाऱ्या बारीक दांड्याला) पीळ पडतो, टॉर्क सेन्सर तो मोजतो आणि त्यानुसार कंट्रोल युनिट मोटारीला करंट पुरवते. गाडी उभी असताना टायर वळवायला सर्वांत जास्त जोर लागतो, त्यामुळे करंटही तेव्हाच सर्वाधिक लागतो. त्या क्षणी व्होल्टेज पडले, तर युनिट मोटारीची मदत थांबवते. दिवे आणि एसी चालू असताना बिघाड होतो हे आपण लिहिले ते फार बरे झाले, कारण त्यावरून माझा संशय कॉलमवर नाही, वीजपुरवठ्यावर आहे.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दाखवायला हवी. हे ठीक असेल, तर मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी ईपीएस युनिटच्या अर्थला (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह तारेला) लावा आणि इंजिन चालू ठेवून दुसऱ्या कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. फरक ०.२ व्होल्टच्या बराच वर गेला, तर अर्थच्या जोडात अडथळा आहे. आपल्याकडच्या पावसात हे जोड गंजतात.

उत्तर (ऑटो इलेक्ट्रिशियन, कागल)
वरील सल्ल्याशी सहमत आहे. मात्र बॅटरीची तार काढण्यापूर्वी स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचून लिहून ठेवावा. कमी व्होल्टेजचा कोड आणि टॉर्क सेन्सरचा कोड यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. सेन्सर खरोखरच सदोष निघाला, तर अनेक गाड्यांत कॉलम बदलून कॅलिब्रेशन (सेन्सरची नव्याने जुळणी) करावे लागते. त्या वेळी स्टिअरिंगचे चाक मोकळे फिरू देऊ नये, नाही तर एअरबॅगची स्पायरल केबल (चाकाखाली गुंडाळलेली तार) तुटते.

आणखी एक कळकळीची विनंती: दिवा लागल्यावर स्टिअरिंग आणि पुढच्या चाकांचा यांत्रिक जोड तसाच राहतो, म्हणून गाडी वळते, पण जोर लावावा लागतो. दुरुस्ती होईपर्यंत गगनबावड्याच्या घाटात ही गाडी नेऊ नका, आणि चालत्या गाडीत दिवा घालवण्यासाठी इंजिन कधीही बंद करू नका.

प्रश्नकर्ता
कोड कमी व्होल्टेजचाच निघाला. अर्थच्या जोडात ०.९ व्होल्टचा फरक दिसला. बोल्टखाली हिरवट थर साचला होता. बॅटरीची तार काढून जोड पॉलिश पेपरने घासला, आवळला आणि वर ग्रीस लावले. आता फरक ०.१ आहे. काल रात्री दिवे, एसी सुरू ठेवून रंकाळ्याच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिले. दिवा लागला नाही. कॉलमची ऑर्डर मी रद्द केली आहे.