शाळा सुटलेल्यांनी महाविद्यालयाची पायरी चढू नये, हे कोणी ठरवायचे?

गोदाकाठ (गंगाखेड)

परवा 'बालाघाट' यांनी येथे लिहिले की, दहावीच्या आत शाळा सोडलेल्या माणसाने तिशीत महाविद्यालयात नाव घालणे ही निव्वळ हौस आहे, त्यामुळे नियमित मुलांची जागा अडते आणि पदवीची किंमत घटते. उत्तर द्यायचे नाही असे दोन दिवस ठरवून बसले होते, पण राहवले नाही.

मी १९९८ साली नववीनंतर घरी बसले. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा नऊ किलोमीटरवर आणि सकाळची एसटी एकच. ती चुकली की दिवस गेला. त्याच वर्षी वडील आजारी पडले, आई दुसऱ्याच्या शेतात जाऊ लागली आणि दोन धाकट्या भावांचे बघायला मी घरात राहिले. माझे गणित कच्चे होते म्हणून शाळा सुटली असे कोणी म्हणेल, तर त्याने माझे नववीचे प्रगतिपुस्तक पाहावे.

सोळा वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज, भरायला निघाले, तेव्हा पहिला अडथळा अभ्यासाचा नव्हताच. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये माझी जन्मतारीख १ जून होती, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी आमच्या अर्ध्या गावाला १ जूनच लावलेली आहे. दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे नाव आणि तारीख तिसरीच. एका दाखल्यासाठी चार खेपा झाल्या, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली.

मग लिहिण्याचा प्रश्न आला. त्या हंगामात मी कापूस वेचायला जात होते. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटांची पेरे फाटलेली असायची, पेन धरला की चीर ओली व्हायची आणि कागदाला डाग लागायचा. रात्री खोबरेल लावून, चिंधी गुंडाळून, रोज थोडे थोडे वाढवत तीन तास सलग लिहायचा सराव मी केला. २०१४ साली दहावी, २०१६ साली बारावी आणि २०१९ साली बी. ए. झाले. यात मी कोणाची जागा अडवली, ते बालाघाट यांनी सांगावे.

शिक्षण सुटते ते एसटीच्या वेळेमुळे, पिकाच्या हंगामामुळे, घरच्या हिशेबामुळे, आणि मुलींच्या बाबतीत लग्नाच्या घाईमुळे. ज्या कारणात लेकराचा काही दोष नव्हता, त्याची शिक्षा त्याने जन्मभर का भोगावी?

बालाघाट (धारूर)

ताई, आपल्या कष्टांबद्दल मला आदर आहे आणि माझा आक्षेप आपल्यावर नव्हता. मी लिहिले ते माझ्या चुलतभावाकडे बघून लिहिले. त्याने आठवीत शाळा सोडली होती. पुढे कोणीतरी त्याला सांगितले की, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात पूर्वतयारीचा शिक्षणक्रम करून थेट बी. ए. ला प्रवेश मिळतो, दहावी-बारावीची कटकटच नाही. त्याने तसे केले, पदवी मिळाली, घरात पेढे वाटले गेले. नंतर ज्या भरतीला अर्ज केला, तिच्या जाहिरातीत 'दहावी व बारावी उत्तीर्ण' अशी अट होती. कागदपत्रांच्या तपासणीत त्याला बाजूला काढले. त्या रात्री तो घरी आला नाही. आम्ही त्याला पहाटे बसस्थानकावर शोधून काढले.

त्याऐवजी त्याने आधी दहावी करून आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला असता, तर आज वाळूजला कामाला असता. पदवीच्या नादाने त्याची चार वर्षे गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे, त्यामुळे मला कोणी तत्त्वज्ञान सांगू नये.

रिकामा बाक (जालना)

बालाघाट, आपल्या भावाचे दुःख खरे आहे, परंतु 'जागा अडते' हे विधान आपण कोणत्या महाविद्यालयाबद्दल करता? मी कला शाखेला शिकवतो. माझ्या वर्गाची क्षमता १२०, पटावर नावे नव्वदच्या वर आणि सकाळी समोर बसलेले विद्यार्थी बारा ते चौदा. उरलेल्यांपैकी निम्मे चाकणला कंपनीत आहेत आणि थेट परीक्षेला येतात. ते सर्वांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही, कारण पट घसरला की तुकडी जाते. मी स्वतः अकरा वर्षे तासिका तत्त्वावर काम करतो आहे, आणि त्या रिकाम्या बाकांचा माझ्या पोटाशी किती जवळचा संबंध आहे हे मी येथे मांडू लागलो तर रात्र पुरणार नाही.

या चौदांत गेल्या वर्षी दोन स्त्रिया होत्या, एक चौतीस वर्षांची आणि दुसरी एकेचाळीस. पहिल्या दिवशी त्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. दिवाळीपर्यंत पुढे आल्या आणि वर्गात प्रश्न विचारणाऱ्या त्या दोघीच राहिल्या.

निवृत्त गुरुजी (सेलू)

सगळे भावनेत वाहत चालले आहेत, म्हणून मला कडू बोलावे लागते. मी छत्तीस वर्षे शाळेत काढली. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे अनेक ठिकाणी पास करून देण्याचा धंदा झाला होता. बाहेर जिल्ह्यांतून गाड्या भरून परीक्षार्थी यायचे, मध्यस्थ ठरलेली रक्कम घ्यायचा, आणि परीक्षेच्या दिवशी खिडकीतून चिठ्ठ्यांचा पाऊस पडायचा. मी पर्यवेक्षक म्हणून एका वर्गात कडक राहिलो, तर संध्याकाळी माझ्या दुचाकीची सीट फाडलेली होती. असे पास झालेले लोक महाविद्यालयात जाऊन काय दिवे लावणार? मूळ प्रश्न कॉपीचा आहे आणि त्याला कोणी हात घालत नाही.

गोदाकाठ

गुरुजी, आपण वयाने मोठे आहात म्हणून शब्द आवरते. माझ्या केंद्रावरही चिठ्ठ्या आल्या होत्या. इंग्रजीच्या पेपराला माझ्या बाकावर एक चिठ्ठी येऊन पडली, ती मी पायाने पुढे सरकवली आणि मला ३९ गुण पडले. ते ३९ माझे आहेत. केंद्र कोणी चालवले? पर्यवेक्षक कोण होते? खिडकीबाहेर चढणारे सतरा नंबरवाले होते की नियमित मुलांचे काका-मामा होते? कॉपी दोन्हीकडे झाली, आणि डाग मात्र आमच्या फॉर्मच्या आकड्याला लावून आपण मोकळे झालात.

निवृत्त गुरुजी

मी आपल्यावर वैयक्तिक आरोप केलेला नाही. आपण तो ओढवून घेत आहात.

आसना (नांदेड)

गुरुजी, कॉपीला कोणी हात घातला नाही असे म्हणू नका. आमच्या जिल्ह्यात डॉ. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम झाली आणि तिची चर्चा राज्यभर झाली. मी त्या मोहिमेच्या बाजूचा आहे. पण माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट सांगतो. तिच्या शाळेत तीन वर्षे गणिताला शिक्षक नव्हता. परीक्षा मात्र कडक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ती दोन विषयांत नापास झाली, शाळेत परत गेली नाही, आणि वर्षभरात तिचे लग्न उरकले गेले. नऊ वर्षांनी तिने ते दोन विषय सोडवले, मग बारावी केली आणि आता ती बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉपी बंद झाल्यावर जी लेकरे गळाली, त्यांना परत यायला हाच रस्ता होता, आणि आपण नेमका तोच बदनाम करत आहात.

निवृत्त गुरुजी

गणिताला शिक्षक नव्हता, यात माझ्या पिढीचाही दोष आहे. रिक्त पदांवर आम्ही जेवढे बोलायला हवे होते तेवढे बोललो नाही. आपल्या बहिणीचे कौतुक आहे. कॉपीबद्दलचे माझे मत मात्र तेच राहील, आणि त्या चिठ्ठ्या मी विसरणार नाही.

कोयता (गेवराई)

आपण सर्वजण परीक्षेच्या हॉलबद्दल बोलत आहात. आमच्याकडची माणसे त्या हॉलपर्यंत पोहोचतच नाहीत. दसरा-दिवाळीला ऊसतोडीची टोळी निघते आणि मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडात असते. मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते. एकजण परीक्षेला गावी आला की अर्धा कोयता बंद पडतो आणि खाडे उचलीत धरले जातात. मी दोनदा फॉर्म भरला आणि दोन्ही वेळा पेपराच्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रात मोळ्या बांधत होतो.

शेवटी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये नाव नोंदवले. त्यांची परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी दोनदा होते, एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते, आणि जमतील तेवढेच विषय एका वेळी देता येतात. पहिल्या मे महिन्यात दोन विषय, पुढच्या मे महिन्यात तीन, अशी माझी दहावी झाली. बारावीही तशीच केली. आता महाविद्यालयात आहे आणि सत्तर-पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम मला दर हिवाळ्यात अडवतो. बालाघाटदादा, आपण धारूरचे, आपल्या गावातून किती गाड्या जातात हे आपल्याला मी सांगायला नको.

बालाघाट

नको. माझ्या घरातूनच दोन कोयते जात होते.

प्राध्यापकांनी पटाचे आकडे सांगितल्यानंतर 'जागा अडते' हा मुद्दा मला मागे घ्यावा लागतो, तो घेतला. 'हौस' हा शब्दही मी वापरायला नको होता. पण एका गोष्टीवरून मी हलणार नाही: दहावी-बारावी टाळून पदवीचा जवळचा रस्ता दाखवणारा जो कोणी असेल, तो शाळा सुटलेल्या माणसाचा हितचिंतक नाही. ताई, आपण, कोयता आणि आसना यांची बहीण, तिघांनीही आधी दहावी, मग बारावी केली आणि नंतर पदवीकडे वळलात, म्हणून आज ठामपणे बोलू शकता. माझ्या भावाला हे सांगणारे कोणी भेटले नाही, आणि मीही त्याला सांगितले नाही.

गोदाकाठ

हे मला मान्य आहे, आणि मी ते आधीच लिहायला हवे होते. आपल्या भावाचे वय काय आहे? पदवी हातात असली तरी त्याला अजून दहावी देता येईल. सतरा नंबरच्या फॉर्मला वयाची वरची मर्यादा आडवी येत नाही. मी दिली तेव्हा माझ्या खोलीत बावन्न वर्षांच्या एक आजी होत्या. दहावीनंतर बारावीला बाहेरून बसायचे तर मध्ये दोन वर्षांचा खंड लागतो, एवढे धरून चाला.

बालाघाट

अडतीस. त्याची आठवीपर्यंतची शाळा बंद पडली आहे, दाखला कुठून काढायचा हाच प्रश्न आहे.

गोदाकाठ

बंद शाळेचे जनरल रजिस्टर कुठे गेले, याची चौकशी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात करा. तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. जन्मतारीख १ जून निघाली तर तिथेच वाद घालत बसू नका. आधी दाखला हातात घ्या आणि बाकीच्या कागदांशी ती जुळवण्याचे काम नंतर करा. बाजाराचा दिवस सोडून जा, त्या दिवशी टेबलावर कोणी सापडत नाही.