प्रोमो सीडी विकता येते का? आणि आता प्रोमो पाठवतात कसा?

प्रश्न: 'फक्त प्रसिद्धीसाठी, विक्रीस नाही' असा छाप असलेली सीडी विकणं बेकायदा आहे का? आणि आता नवा अल्बम रेडिओ नि समीक्षकांकडे कसा पाठवतात?

उत्तर १: अमेरिकेपुरतं सांगतो. युनिव्हर्सल (रेकॉर्ड कंपनी) विरुद्ध ऑगस्टो (अशा सीडी विकणारा) खटल्यात 2011 मध्ये अपील न्यायालयाने विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. न मागता टपालाने पाठवलेल्या आणि नंतर कंपनीने कधी माग न ठेवलेल्या सीडीची मालकी घेणाऱ्याकडे जाते, नुसता छाप ती रोखत नाही. इतर देशांत तिथला कायदा बघा.

उत्तर २: आता बहुधा खासगी लिंक जाते. प्रत्येकाला वेगळी, मुदत असलेली, आवाजात न ऐकू येणारा वॉटरमार्क (लपवलेली ओळखखूण) घातलेली. फाइल फुटली की कोणाच्या प्रतीतून ते कळतं. सगळ्यांना एकच लिंक दिलीत तर हा शोध संपलाच!

उत्तर ३: ऐकायला ३२० केबीपीएस एमपीथ्री, प्रसारणासाठी वेव्ह (WAV, न दाबलेली ऑडिओ फाइल). वेव्हमधले टॅग (फाइलमध्ये भरलेली नाव-गाव माहिती) बरेच प्लेअर वाचत नाहीत, म्हणून कलाकार नि गाण्याचं नाव फाइलच्या नावातच घाला. बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-कोड) आणि 'अमुक तारखेपूर्वी वाजवू नये' ही सूचना मेलमध्ये अगदी वर हवी. खाली असली की हमखास नजरेतून सुटते.