नगरसेवक निवडून आल्यावर पक्ष बदलणार, मग मत देऊन उपयोग काय?

नवी मुंबईत ऐरोलीला राहतो. सगळेच उमेदवार नकोसे असतील तर घरी बसणं आणि नोटा (‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण) दाबणं यात फरक काय?

उत्तर १: महापालिकेत फरक आहे. लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी पुढचा उमेदवार जिंकतो. पण राज्य निवडणूक आयोगाच्या 2018 च्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक होते. तिथेही नोटाच पहिला आला, तर मात्र त्याखालचा उमेदवार निवडून येतो. अर्धवटच हत्यार आहे, पण घरी बसणाऱ्याकडे तेवढंही नसतं.

उत्तर २: चार जागांच्या प्रभागात प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबावं लागतं. एकच दाबून निघू नका, बाकीच्या जागा राहतात. एक उमेदवार पटला, तीन नाही, तर त्या तिन्ही जागांवर नोटा दाबा. सरसकट एकाच पक्षाच्या पॅनेलला (चारही उमेदवारांना) मत द्यायची सक्ती नाही.

उत्तर ३: मतदार यादीत नाव आधी तपासा. महापालिका विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेची घेते. घर बदललं असेल तर फॉर्म 8 (पत्ता बदलाचा अर्ज) आत्ताच भरा, ऐनवेळी भरलेला उपयोगी पडत नाही. तुमच्या नावावर कोणी आधीच मतदान केलं असेल तर परत फिरू नका, केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका (अशा वेळी मिळणारी वेगळी कागदी मतपत्रिका) मागा.

उत्तर ४: नवी मुंबईत मे 2020 पासून अनेक वर्षं प्रशासकच (निवडून न आलेला, सरकारने नेमलेला अधिकारी) होता. नगरसेवक नसला की पाणी-गटाराचा जाब सभागृहात विचारायला कोणी उरत नाही.