मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन उत्तराखंडातलं कुमाऊं, मुनस्यारीपर्यंत जावं की कौसानीलाच थांबावं?

नमस्कार मंडळी,

भाऊबीज उरकली की 9-10 दिवस सुट्टी काढून आईबाबांना हिमालय दाखवायचाय. आम्ही पाच जण, मी, बायको, मुलगी (11), बाबा 73 आणि आई 69. बाबा टुणटुणीत आहेत. आईचे गुडघे बोलतात आणि तिला गाडी लागते, म्हणजे नाशिकहून निघालो की कसारा उतरेपर्यंत दोनदा थांबावं लागतं अशी लागते.

आधी एकदा आमचा पोपट झालाय तो सांगतो म्हणजे मला काय नकोय ते कळेल. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका टूरवाल्याबरोबर मनालीला गेलो होतो. रोहतांगच्या रस्त्यावर सहा तास ट्रॅफिकमध्ये, भाड्याचे गमबूट, भाड्याचा कोट (त्याला आधीच्या दहा जणांच्या घामाचा वास), आणि वर पोचलो तर टायरच्या चिखलाने काळा पडलेला बर्फ आणि चहूकडे धुरकट पांढरं. रात्री हॉटेलवर बाबा एवढंच म्हणाले, "अरे बर्फ तर आपल्या फ्रीजमध्येपण आहे, शिखर कुठंय?"

बाबांनी 31 वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. हिमालयाच्या तीन रांगा फळ्यावर खडू आडवा धरून काढायचे, नंदादेवी 7816 मीटर हे झोपेत विचारलं तरी सांगतात, आणि माणसाने अजून एक शिखर धड बघितलेलं नाही. त्यामुळे यावेळी मागणी एकच आहे. खोलीच्या बाहेर खुर्ची टाकायची, हातात चहा, आणि समोर शिखरं. रोपवे, मॉल रोड, बोटिंग यातलं काहीही नाही मिळालं तरी चालेल.

आत्तापर्यंत जे जमवलंय ते असं: दिल्लीपर्यंत विमान, मग रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पकडून पहाटे काठगोदाम, तिथून गाडी. एका एजंटने व्हॉट्सॅपवर जी आयटिनररी पाठवलीय त्यात नैनिताल 3 रात्री, कॉर्बेट 1, मसुरी 2 असं आहे आणि "स्नो व्ह्यू पॉइंट" तीन ठिकाणी लिहिलंय, ते वाचूनच मला रोहतांग आठवलं. माझ्या डोक्यात बिनसर, कौसानी, चौकोडी, मुनस्यारी आणि येताना जागेश्वर आहे. पण काठगोदाम ते मुनस्यारी पावणेतीनशे किलोमीटर आहे आणि सगळा घाट. आईला घेऊन हा वेडेपणा आहे का? नोव्हेंबरमध्ये शिखरं खरंच मोकळी दिसतात का? आणि पाताल भुवनेश्वरची गुहा आईला झेपेल का? कृपया गेलेल्यांनी सांगा, गूगल करून झालंय.

*

प्रतिसाद: मागच्या नोव्हेंबरमध्ये सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो. वेळ एकदम बरोबर निवडलीय. पावसाळ्यात हवा धुवून निघते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिखरं कापून ठेवल्यासारखी दिसतात. मे-जूनमध्ये उष्म्याची धूसर हवा आणि त्यात तिकडच्या चीडच्या (पाइनच्या) जंगलातल्या वणव्यांचा धूर, म्हणून तुमचा पोपट झाला, टूरवाल्याचा दोष निम्माच.

मुनस्यारी एका दिवसात अजिबात मारू नका. पहिला दिवस काठगोदाम ते बिनसर किंवा अल्मोडा, मग कौसानी (अल्मोड्याहून साधारण 50 किमी), मग बागेश्वरवरून चौकोडी, आणि चौथ्या टप्प्यात मुनस्यारी. चौकोडी ते मुनस्यारी शंभरएक किमी आहे पण त्याला अख्खा दिवस द्या. वाटेत बिर्थीचा धबधबा अगदी रस्त्यावरून दिसतो, तिथे चहा घ्या, आईंचं पोट जरा शांत होऊ द्या कारण त्यापुढे कालामुनीची चढण आहे. आणि भोवालीच्या पुढे कैंची धामपाशी हल्ली जबरी जाम लागतो, तुमची गाडी पहाटे पोचतेय ना, मग स्टेशनवर टाइमपास न करता तडक निघा.

*

प्रतिसाद: वरच्यांशी असहमत. गाडी लागणाऱ्या माणसाला मुनस्यारी म्हणजे जाताना शिक्षा आणि येताना पुन्हा तीच शिक्षा. कौसानीला चार दिवस बसा हो. गांधीजी 1929 मध्ये तिथे राहिले आणि गीतेवरच्या त्यांच्या अनासक्तियोग पुस्तकाची प्रस्तावना तिथेच लिहिली, म्हणून त्या जागेला अनासक्ती आश्रम म्हणतात. आश्रमाच्या आवारातून त्रिशूल, नंदादेवी, पंचचूली अशी सगळी रांग समोर. जवळच गोमतीकाठी बैजनाथची जुनी दगडी देवळं आहेत, आईंना फार चालायला लागणार नाही. बाबांना खुर्ची आणि चहाच हवाय ना?

*

प्रतिसाद: स्पिती करा, कुमाऊं काय म्हाताऱ्यांचं आहे.

*

प्रतिसाद: अहो म्हातारेच नेतायत ते, वरती वाचा तरी.

*

प्रतिसाद: मी भूगोलाच्या सरांच्या बाजूने. कौसानीतली रांग लांबून दिसते, सुंदर आहे, पण मुनस्यारीत पंचचूली अंगावर येते. पाच शिखरं, सगळ्यात उंच 6904 मीटर. पांडव स्वर्गाला जायच्या आधी द्रौपदीने शेवटचा स्वयंपाक केला त्या या पाच चुली अशी कथा आहे, चूल शब्द आपलाच. एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. पंचचूली गावाच्या पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य तिच्या मागून उगवतो आणि पहाटे नुसती काळी आकृती दिसते. तिथे बघायची ती संध्याकाळ. साडेचारला खुर्ची टाका, पाच वाजता बर्फ पिवळा, मग केशरी, मग तांबडालाल, आणि खालचं गाव तोपर्यंत अंधारात गेलेलं असतं. कौसानीला उलट, शिखरं उत्तरेला आहेत त्यामुळे पहाटेच गजर लावा. सरांना नैनसिंग रावतांबद्दलही सांगा, पावलं मोजत तिबेट मोजणारे सर्वेक्षक, ते इथल्याच जोहार खोऱ्यातले, मिलमचे.

खोली बुक करताना "व्ह्यू आहे का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. खिडकीतून आत्ता काढलेला फोटो पाठवा म्हणा. केएमव्हीएनच्या (कुमाऊं मंडल विकास निगम, सरकारी) रेस्ट हाउसांच्या जागा भारी, खोल्या साध्या. बिनसरच्या त्यांच्या रेस्ट हाउसमध्ये संध्याकाळी थोडेच तास वीज असते, पॉवर बँक न्या.

*

प्रतिसाद: गुहा आईंना नको. तोंड अरुंद आहे, साखळ्या धरून ओल्या दगडावरून खाली उतरायचं आणि तसंच वर यायचं. त्यापेक्षा जागेश्वर, देवदारांच्या मधोमध शंभरच्या वर लहानमोठी देवळं, सगळं जवळजवळ सपाटीवर.

आणि जेवणाचं टेन्शन घेऊ नका. मडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी, गहत म्हणजे आपले कुळीथ. आमची आई तर तिथल्या स्वयंपाकघरात जाऊन पिठलं कसं करतात ते शिकवून आली. अल्मोड्यात बालमिठाई आणि पानात गुंडाळलेली सिंगोडी घ्या.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, स्पितीवाल्यांचेपण. काल रात्री हा धागा बाबांना वाचून दाखवला. शिखर पूर्वेला आहे म्हणून पहाटे काळं दिसतं हे ऐकल्यावर ते उठून जुना नकाशा घेऊन आले, जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि चष्मा कपाळावर चढवून मुनस्यारी शोधायला लागले. सापडलं नाही, नकाशा फार लहान आहे. मग आईच म्हणाली, "मी पुढच्या सीटवर बसेन, आलेपाक घेईन, तुम्ही न्या त्यांना."

तर प्लॅन असा: अल्मोडा 1, कौसानी 2, चौकोडी 1, मुनस्यारी 2, येताना जागेश्वर 1 आणि शेवटची रात्र भीमतालला. बिनसर कापलं, वाईट वाटतंय. आता एकच अडलंय, काठगोदामहून पाच माणसं आणि सामान घेऊन घाटात कमी हलणारी गाडी कुठली घ्यावी? इनोव्हा की बोलेरो? गाडी लागणाऱ्यांनीच उत्तर द्या प्लीज, चालवणाऱ्यांनी नको.