मदत हवी आहे: तोंडी परीक्षेत अडणाऱ्या मुलीला गुण कसे द्यायचे? (शुक्रवारपर्यंत)

दांडियाबाजार: वडोदऱ्यात कॉलेजात इंग्रजी शिकवते. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेचे गुण शुक्रवारी भरायचे आहेत, वीसपैकी पाच फ्लुएन्सीचे. एक मुलगी लेखीत सगळ्यांत पुढे. काल तिला 'मदर टंग'ची व्याख्या विचारली. ओठ घट्ट मिटले, मान ताठ झाली, 'म' काही सुटेना. शेवटी 'आय डोन्ट नो' म्हणून खाली बसली. तिच्या वहीत त्याच व्याख्येवर अर्धं पान लिहिलेलं आहे! शून्य द्यायला हात धजत नाही, पण इतरांवर अन्यायही नको. काय करू?

अलकापुरी: वेखंड उगाळून मधातून रोज सकाळी जिभेला लावा. पुतण्याचं बोबडं बोलणं त्यानेच गेलं.

रावपुरा: भीती आहे, दुसरं काही नाही. मी गुजराती माध्यमातला, 'स्नॅक्स'ला 'स्नेक्स' म्हणायचो. आरशासमोर रोज मोठ्याने पेपर वाचला, सुटलो.

वाचोपचार: तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. 'र'चा 'ल' होणं हे बोबडं बोलणं. 'स्नेक्स' हा मातृभाषेचा ठसा, त्याला दोष म्हणतच नाहीत. मॅडम सांगतात ते तोतरेपणासारखं वाटतं: शब्द माहीत असतो, सुटत नाही. पण न पाहता नाव देणार नाही. मराठीत अडते का? सगळ्यांबरोबर एका सुरात वाचताना? आणि शाखा कोणती?

दांडियाबाजार: घरी मराठीच. मैत्रिणींशी छान बोलते, म्हणून मलाही इंग्रजीची भीतीच वाटली. एकत्र वाचताना मुळीच अडत नाही. शाखा स्पीच थेरपीची, मी त्याच वर्गाला शिकवते. लिहायचं राहिलं.

रावपुरा: मग तिने शाखाच बदलावी. जिला स्वतःला बोलता येत नाही ती पेशंटला काय शिकवणार?

वाचोपचार: हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका. चार्ल्स व्हॅन रायपर आणि वेंडेल जॉन्सन, या विषयाचा पाया घालणाऱ्यांतले दोघे, स्वतः अडखळत बोलायचे. मॅडम, एका सुरात वाचताना, गाताना तोतरेपणा बहुधा नाहीसा होतो, त्यामुळे शंका पक्की होते. मराठीत ती बहुतेक शब्द बदलून निसटत असेल. 'मंगळवार' अडला की 'परवा' म्हणायचं. इंग्रजीत तेवढे शब्द हाताशी नसतात, आणि व्याख्येत तर शब्द बदलताच येत नाही.

सयाजीगंज: हा कोर्स चार वर्षांचा, शेवटचं वर्ष इंटर्नशिप. प्रवेशाआधी कॉलेजला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता आहे का ते बघा, नाहीतर पुढे नोंदणी अडते.

अलकापुरी: प्रवेशाचं कुणी विचारलंय?

रावपुरा: सर्टिफिकेट आणू द्या. २०१६च्या दिव्यांग कायद्यात वाचादोष आहे.

वाचोपचार: आहे, पण त्यातली व्याख्या कायमस्वरूपी आणि शारीरिक किंवा मेंदूच्या कारणाने आलेल्या दोषाची आहे, उदाहरणं स्वरयंत्र काढल्याची आणि अफेजियाची, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवण्याची. तोतरेपणाला ती सहज लागू होईल असं धरू नका. मॅडम, फ्लुएन्सीत तुम्ही मोजता काय? वाक्य जुळतं का, मुद्दा पुढे सरकतो का, ते बघा. अडलेले सेकंद सोडून द्या. विभागप्रमुखांना सांगून तिची परीक्षा एकटीची, जास्त वेळ देऊन घ्या. तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका, 'सावकाश बोल' म्हणू नका, आणि तिच्यावरून नजर काढू नका. त्याआधी तिलाच विचारा, तिला काय हवंय.

दांडियाबाजार: आज विचारलं. लहानपणापासून आहे. म्हणाली, "मॅडम, हजेरीला 'प्रेझेंट' म्हणता येत नाही, म्हणून मी हात वर करते." मी मान खाली घालून नावं वाचते. तिच्या नावापुढे अकरा गैरहजेऱ्या लावल्या आहेत मी. विभागप्रमुखांनी परवानगी दिली, उद्या तोंडी पुन्हा घेते. पण मागच्या महिन्याची हजेरी पोर्टलवर आता उघडत नाही. ती दुरुस्त कशी करायची, कुणाला माहीत आहे का?