मदत हवी आहे: वर्डमध्ये 'वारकऱ्यां' शोधलं की निम्मेच सापडतात

नमस्कार मंडळी,

आमचे अण्णा बरीच वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी वारी करायचे. मुक्कामाला पोचलं की रात्री वहीत लिहायचे. अशा तीन वह्या आहेत. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून सगळं टाइप करून मोठ्या अक्षरांत छापून द्यायचं ठरवलंय. दोन वह्या मी लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप केल्या, तिसरी भाच्याने फोनवर केली. सगळं एका वर्ड फाइलमध्ये आणलं आणि घोळ सुरू झाला.

कंट्रोल+एफ करून 'वारकऱ्यां' शोधलं तर भाच्याच्या भागातला एकही सापडत नाही. दिसायला अक्षर न् अक्षर सारखं आहे. फाँट बदलून पाहिला, दोनशे टक्के मोठं करून पाहिलं, फरक दिसत नाही. त्याचा शब्द कॉपी करून शोधला की तिसऱ्या वहीतले सापडतात, माझे नाहीत. 'टाळकऱ्यां', 'फेऱ्या', 'पायऱ्या' सगळ्यांचं तेच. मला शेवटी गावांची आणि माणसांची सूची करायची आहे, ती अशाने कशी होणार?

शिवाय माझ्या भागात काही ठिकाणी चक्क रफार पडलाय. दिवे घाटाच्या पानावर अण्णांनी 'खाली दऱ्या, लांब मस्तानी तलाव' असं लिहिलंय, टाइप झालंय 'खाली दर्या'. घाटात समुद्र आला! दिंडीतल्या 'आचाऱ्यांनी पिठलं केलं'चं 'आचार्यांनी' झालंय. अण्णांनी अचूक लिहिलेलं माझ्या हातून बिघडलं, याचं फार वाईट वाटतं.

अजून एक. अभंगांच्या शेवटी भाच्याने दोन उभ्या रेघा (||) टाकल्यात. खरा दुहेरी दंड कसा काढायचा?

प्रतिसाद

ताई, तुमच्या फाइलमध्ये तोच 'ऱ्य' दोन तऱ्हांनी आलाय. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट+जे ने नुक्त्याचा ऱ येतो, मग डी ने हलन्त, मग य. ही सरळ पद्धत. भाच्याच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह टाकून 'वारकर्‍यां' केलंय. युनिकोडला, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या मानकाला, दोन्ही चालतात. दुसरी पद्धत त्याच्या जुन्या २.० आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेली आहे. पडद्यावर आकार एकच, आत साठवलेली चिन्हं वेगळी. म्हणून शोधताना चुकतं.

फाइलची प्रत करा आणि ती लिबरऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखाच, पण फुकट मिळणारा प्रोग्रॅम) उघडा. कंट्रोल+एच, त्यात रेग्युलर एक्स्प्रेशन्सची खूण करा. शोधायच्या चौकटीत र, हलन्त, लगेच उलटी तिरकी रेघ, छोटा यू आणि २००डी (सगळं इंग्रजीत; हा त्या जोडचिन्हाचा युनिकोड क्रमांक). बदलायच्या चौकटीत शिफ्ट+जे आणि डी. मग सगळे बदला.

दंडासाठी वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्ड घेऊन ०९६५ टाइप करा आणि ऑल्ट+एक्स दाबा, ॥ येईल. तो कॉपी करा आणि कंट्रोल+एच ने || च्या जागी घाला. कीबोर्ड बदलायला विंडोज+स्पेस.

प्रतिसाद

रफाराच्या चुका मात्र एकदम बदलू नका. शिफ्ट सुटला की रफार पडतो, पण 'सूर्य', 'कार्य', 'धैर्य' हे रफाराचेच शब्द आहेत. मी एकदा 'कर्य' शोधून सगळे एका झटक्यात बदलले आणि 'सौकर्य'ची वाट लावली. 'र्य' शोधा, एकेक पाहत पुढे जा. वेळ जाईल, पण दुसरा उपाय नाही. आणि 'ॲल्युमिनिअम'सारखे शब्दही तपासा. काही ठिकाणी ॲ एकच अक्षर असतं, काही ठिकाणी अ वर वेगळा चंद्र दिलेला असतो. तिथेही शोध असाच फसतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. जोडचिन्हं गेली, आता 'वारकऱ्यां' तिन्ही वह्यांत सापडतात. अभंगांना दंड लागले. रफार एकेक बघत लोणंदपर्यंत आले. ॲ अजून बाकी आहे, पातेल्यांच्या यादीत तो बराच आहे.

काल अण्णांना दिवे घाटाचं पान वाचून दाखवलं. 'आचाऱ्यांनी पिठलं केलं' ऐकल्यावर म्हणाले, त्याचं नाव लिहायचं राहिलं होतं बघ, आता घाल. घातलं.